पाणी सोडा

कॉम्प्युटरला पाणी लागतं, असं मुलीने सांगितलं तेव्हा मी ते शांतपणे ऐकून घेतलं. आवक-जावक विभागात उभी हयात काढलेल्या माणसाला सहसा धक्का बसत नाही. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि पुढे पाठवायचा, आत काय लिहिलंय ते पुढचा बघेल, ही आमची शिकवण. पण घरात पुढचा कुणी नसतो. घरात कागद फिरून फिरून आपल्याच टेबलावर येतो.

मुलगी ॲनिमेशन करते. त्या वेळी ती माणसाचा कान कसा ऐकतो हे दाखवणारी एक छोटी फिल्म करत होती. बहिऱ्या लोकांसाठी कानाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचं ते काम होतं. फिल्म वेळेत झाली तर तिथे कायमची नोकरी, नाही झाली तर दुसरं कुणीतरी, असा सरळ मामला होता. तिचा जुना कॉम्प्युटर कानाच्या पडद्यापर्यंत बरा चालायचा. आत तो एक शंख असतो, त्याच्यापाशी आला की तापायचा आणि बंद पडायचा. "आवाज शंखात शिरतच नाही बाबा," असं ती वैतागून म्हणायची. आमच्या घरात ही तक्रार जुनीच आहे. माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, शंखातही बरीच वर्षं फारसं काही शिरलेलं नाही. त्यांना यंत्र आणून दिलंय, पण बॅटरी संपेल म्हणून ते खिशात ठेवतात.

तर मुलीने नवा कॉम्प्युटर स्वतः जोडायला घेतला. काचेची पेटी, आत एक छोटी टाकी, टाकीखाली पंप, तिथून निघालेल्या पारदर्शक नळ्या, आणि पेटीच्या माथ्यावर गाडीला असतो तसा पातळ रेडिएटर. पाणी फिरत राहणार, चिपची उष्णता उचलणार, रेडिएटरवर सोडणार आणि परत येणार. मी हे सगळं ऐकून "वा" म्हणालो. बायको म्हणाली, "पाणी आणि वीज एकाच पेटीत. छान." तिच्या 'छान'मध्ये बरंच काही असतं.

घरात ते यंत्र खऱ्या अर्थाने समजलं एकट्या अण्णांना. अण्णा पाणीखात्यात व्हॉल्वमन होते. सकाळी ठरल्या वेळी लोखंडी चावी घेऊन जायचं, रस्त्यातलं झाकण उघडायचं आणि वस्तीला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. त्यांनी पाणी कधी वेळेआधी सोडलं नाही आणि कधी वेळेनंतर सोडलं नाही. एकदा खुद्द मोठ्या साहेबांचा निरोप आला होता, घरी पाहुणे आहेत, आज जरा लवकर सोडा. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "अजून वेळ झाली नाही." साहेबांचे पाहुणे तसेच, दात न घासता, बसून राहिले. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झालीय की त्या पाहुण्यांचे चेहरेसुद्धा मला ओळखीचे वाटतात.

मुलीने आजोबांना कानाशी वाकून यंत्र समजावून सांगितलं. ही टाकी, हा पंप, ही मेन लाइन. हे लाल बटण दाबलं की कॉम्प्युटर बंद राहतो आणि नुसता पंप चालतो, चाचणीसाठी. अण्णांनी चष्मा पुसून सगळं न्याहाळलं.

"आणि हे पाणी पितं कोण?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही आजोबा. तेच पाणी फिरून परत टाकीत येतं."

अण्णा विचारात पडले. "मग तक्रारी येत नसतील," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी आपली खुर्ची उचलून त्या पेटीशेजारी मांडली आणि तिथेच बसू लागले.

आता माझं. मुलगी लहान असताना मी तिची सायकल ओढली, पेन्सिली तासल्या, वह्यांना कव्हरं घातली. ती मिळवती झाली आणि माझी आवकही थांबली, जावकही थांबली. तिला काही हवं असलं की ती स्वतःच बघते, स्वतःच आणते, आणि मला सांगते ते आणून झाल्यावर. वाईट वाटायचं. उगाच का खोटं बोला, फार वाईट वाटायचं. म्हणून त्या दिवशी मी तिला म्हणालो, "यातलं एखादं काम मला दे की. काहीही दे." तिने हातातला स्क्रूड्रायव्हर थांबवून माझ्याकडे बघितलं. कॉम्प्युटरमधलं कोणतं काम या माणसाच्या हातात सुरक्षित राहील, याचा तिने प्रामाणिक विचार केला असावा.

"कूलंट तू बघ बाबा," ती म्हणाली. "आत घालायचं पाणी. चांगलं बघून आण. घाई नाही, पंधरा दिवस आहेत."

मी कचेरीत रजा टाकली. बायको म्हणाली, "पाणी आणायला रजा?" काही कामांचं महत्त्व काम करणाऱ्यालाच कळतं.

पहिले काही दिवस अभ्यासात गेले. अभ्यास केला की माणूस शहाणा होतो, आणि शहाणा झाला की घरच्यांना नकोसा होतो, याचा अनुभव मला पूर्वी नव्हता. शुद्ध पाण्यातून वीज जात नाही, वीज वाहून नेते ती पाण्यातली घाण, हे मी जेवताना सांगितलं. नुसतं शुद्ध पाणी घातलं तर काही महिन्यांत त्यात शेवाळं धरतं, हेही सांगितलं. तांबं आणि ॲल्युमिनियम एका पाण्यात नांदत नाहीत, एकमेकांना खातात, हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "माणसांचंही तसंच असतं, पण ती जेवताना बोलत नाहीत."

मग रंगाचा प्रश्न आला. कूलंट निळं मिळतं, लाल मिळतं, दुधासारखं पांढरं मिळतं. रंगीत द्रव्यांचा गाळ बारीक फटींत बसतो, असं मी वाचलं होतं, पण घरच्यांचं मत घ्यावं म्हणून विषय काढला. तो काढायला नको होता. बायकोने पडद्यांकडे बघून फिकट हिरवा सुचवला. पेटी दिवाणखान्यात राहणार, तर निदान बाकीच्या सामानाशी जुळावी, हे तिचं म्हणणं. अण्णांना मी ओरडून विचारलं, "पाणी कोणत्या रंगाचं हवं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझं शिक्षण आठवलं. "पाण्याला रंग आला की मोर्चा येतो," ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले. मुलीने येताजाता "बिनरंगाचं" एवढंच सांगितलं आणि तो प्रश्न मिटला. माझे दोन दिवस मात्र गेले.

आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना सगळे सल्लागार म्हणतात. सल्ला हा माणसाने मागितला तरच द्यावा असं शास्त्र आहे, पण सल्लागारांना न मागता मागितल्यासारखं ऐकू येतं. मी जिन्यात 'कूलंट' हा शब्द उच्चारला एवढाच काय तो माझा दोष. दुसऱ्या दिवशी ते हिरव्यागार द्रवाचा मोठा कॅन घेऊन दारात हजर.

"गाडीचं आहे," ते म्हणाले. "माझी गाडी विकली, हे राहिलं. अहो, गाडीचं इंजिन जिथे थंड होतं, तिथे तुमचं ते खेळणं काय?"

"पण कॉम्प्युटरला ते..."

"कॉम्प्युटरला कळतंय का? तो काय लेबल वाचतो?"

मी कॅन ठेवून घेतला, कारण नाही म्हटलं असतं तर ते तिथेच उभे राहिले असते. संध्याकाळी मुलीने तो बघितला.

"बाबा, हे तू आणलंस?"

"मी आणलं नाही. ते आलं."

"हे आत गेलं तर नळ्यांमध्ये चिकटा धरेल. हात लावू नकोस याला."

मी हात लावला नाही. तो कॅन अजूनही गॅलरीत आहे, आणि त्याचा हिरवा रंग पडद्यांशी जुळतो असं बायको अधूनमधून म्हणते.

त्यानंतर बॅटरीच्या दुकानात गेलो. तिथे बॅटरीत घालायचं पाणी मिळतं. दुकानदाराला विचारलं, किती शुद्ध आहे? तो म्हणाला, "साहेब, आजवर एकाही बॅटरीने तक्रार केली नाही." अण्णा आणि हा एका शाळेतले असावेत. वर सल्लागारांनी जिन्यात गाठून सांगितलं की, पाणी तीनदा उकळून तीनदा गाळलं की तितकंच शुद्ध होतं. तेही करून बघितलं. पातेल्याला तळाशी पांढरा थर राहिला, तो बायकोने घासला. भांड्यांचा आवाज मात्र नेहमीपेक्षा जास्त आला. इतका, की अण्णांनी पेपरातून मान वर केली.

शेवटी मी निर्णय घेतला. योग्य ते मिश्रण, गंज न धरणारं, शेवाळं न धरणारं, बिनरंगाचं, फक्त कॉम्प्युटरसाठी बनवलेलं, दूरच्या एका कंपनीकडून मागवलं. मुलीने बाटलीचं वर्णन वाचलं आणि म्हणाली, "अगदी बरोबर निवडलंस." बस. एवढ्याने माझं पोट भरलं. त्या दिवशी मी जिन्यातून उतरताना कठड्याला हात लावला नाही.

बाटली आली. पण घरी आली नाही. पार्सल कचेरीत येऊन अडकली आणि मला बोलावणं आलं. तिथल्या खिडकीमागे बसलेल्या गृहस्थाने वेष्टनावरची चिठ्ठी वाचली, उलटी करून वाचली, आणि विचारलं, "हे पेय आहे का?"

"नाही."

"द्रव आहे, बाटलीत आहे. पेय नाही म्हणता, तर रसायन असणार. रसायनाची खिडकी पलीकडे."

पलीकडच्या खिडकीमागे कुणी नव्हतं. थोड्या वेळाने तेच गृहस्थ उठून त्या खिडकीमागे येऊन बसले.

"कूलंट," त्यांनी वाचलं. "गाडीची कागदपत्रं आणलीत?"

"मला गाडी नाही."

"मग कूलंट कशाला?"

"कॉम्प्युटरसाठी."

त्यांनी पार्सल डाव्या हाताने बाजूला सरकवलं. "मग कॉम्प्युटरची कागदपत्रं आणा," ते म्हणाले.

कॉम्प्युटर सुट्या भागांचा. टाकीची पावती वेगळी, पंपाची वेगळी, नळ्यांची वेगळी. दुसऱ्या दिवशी तो सगळा गठ्ठा घेऊन गेलो. त्यांनी एकेक पावती बघितली आणि म्हणाले, "टाकी आहे, पंप आहे, नळ्या आहेत. हे तर पाण्याच्या मोटारीचं सामान दिसतंय. यात कॉम्प्युटर कुठे आहे?" मी वाद घालायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मला एक जाणीव झाली. हा स्वर माझ्या ओळखीचा होता. कागद डाव्या हाताने सरकवायची ती पद्धत, 'उद्या या' म्हणताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची ती नजर. खिडकीच्या पलीकडे मीच बसलो होतो. इतकी वर्षं मी लोकांना काय वाटायला लावलं असेल, याचा विचार मी त्या बाकावर बसून केला. मग तो विचार सोडून दिला, कारण त्याने बाटली सुटणार नव्हती.

"साहेब रजेवर आहेत," ते गृहस्थ म्हणाले. "ते आले की पेय की रसायन ते ठरवतील. उद्या दहाला या, चौकशी करा."

असे बरेच 'उद्या' झाले. मुलीचे पंधरा दिवस संपत आले. यंत्र जोडून तयार, चकचकीत, आणि आतून कोरडं ठणठणीत. तिने मला एकदाही बोल लावला नाही. "येईल रे बाबा," म्हणायची. पण जुन्या कॉम्प्युटरवर रोज शंखापाशी अडकून ती रडकुंडीला आलेली मला दिसत होती. एक काम मागून घेतलं होतं. एकच. आणि त्यापायी पोरीची नोकरी जाणार, अशी वेळ मी आणली होती.

अशाच एका संध्याकाळी मी रिकाम्या हाताने घरी आलो. अण्णा पेटीशेजारच्या खुर्चीत होते. मी चप्पल काढता काढता बायकोला सगळं सांगितलं. तिने ताटं घेतली होती.

"आता त्या बाटलीवर पाणी सोडा," ती म्हणाली, "आणि जेवायला बसा."

अण्णांनी मान वर केली. कानाचं यंत्र अर्थातच खिशात होतं. "काय म्हणाली?" त्यांनी मला विचारलं. "पाणी सोडा म्हणाली?"

"हो, हो," मी ओरडून म्हणालो. एवढ्या लांबून त्यांना वाक्प्रचार समजावून सांगण्याइतका जीव माझ्यात उरला नव्हता.

"कधी?"

मला वाटलं, पार्सल कचेरीत परत कधी जाणार असं विचारतायत. "उद्या," मी म्हणालो.

"किती वाजता?"

"दहाला."

अण्णांनी मान डोलावली. त्या मानेत काहीतरी वेगळं होतं हे मला आता आठवतं. तेव्हा मी ताटावर बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे बाहेर पडलो. मी पार्सल कचेरीत, बायको तिच्या शाळेत शिकवायला, आणि मुलगी त्या कंपनीत, चार दिवस वाढवून मागायला. अण्णा घरी एकटे. साहेब त्या दिवशीही रजेवर होते. मी परत फिरलो तेव्हा पायात वहाणा आहेत की नाहीत हेही मला कळत नव्हतं. मुलीला काय सांगायचं, हे वाक्य मी रस्ताभर जुळवत होतो आणि ते जुळत नव्हतं.

दार उघडंच होतं. मुलगी माझ्याआधी पोचली होती आणि पेटीसमोर उभी होती. काचेच्या आत नळ्या भरलेल्या होत्या. टाकीत एक छोटासा भोवरा फिरत होता, पंप अगदी हळू गुणगुणत होता. ती वळली. तिचे डोळे भरलेले होते.

"बाबा, आणलंस तू," ती म्हणाली. "त्यांनी एकही दिवस वाढवून दिला नाही रे. उद्या संध्याकाळपर्यंत हवंय म्हणाले. मी रडतच आले, आणि बघते तर... थँक्यू बाबा." आणि तिने लहानपणी धरायची तसा माझा हात धरला.

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण ते आभार मी थोडा वेळ जवळ ठेवले. इतक्या दिवसांनी आले होते. मी नळ्यांकडे बघितलं, मग टाकीकडे, मग खुर्चीकडे. अण्णा ताठ बसले होते. अंगावर इस्त्रीचा शर्ट, मनगटावर ते जुनं घड्याळ.

"दहा वाजता सोडलं," ते मला म्हणाले. "हुकमाप्रमाणे."

मुलीने माझा हात सोडला.

"आजोबा," ती कानाशी वाकून म्हणाली, "कुठलं पाणी सोडलंत?"

"नळाचं. दुसरं कुठलं असतं? आधी टाकी भरली, बटण दाबलं, पातळी खाली गेली, परत भरली. हवा निघेपर्यंत भरत गेलो. एक थेंब बाहेर सांडला नाही, बघ."

"ओतलं कशाने?"

"नरसाळ्याने. स्वयंपाकघरातल्या."

"तेलाच्या?" मुलीचा आवाज चिरकला. नेमकी त्याच वेळी बायको शाळेतून आली. ती दारातूनच म्हणाली, "ते नरसाळं मी कालच घासलंय. माझ्या घासण्यावर शंका घेऊ नका." मुलीने डोकं धरलं आणि फरशीवर बसली. नळाच्या पाण्यात क्षार असतात, तेलाचा अंश गेला असेल, धातूला डाग पडतील, असं काहीबाही ती पुटपुटत होती. मी मध्येच "पाणी सोडा म्हणजे बाटलीचा नाद सोडा असं हिला म्हणायचं होतं" असा खुलासा केला. त्याचा कुणालाही उपयोग झाला नाही.

अण्णा सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते. त्यांनी खिशातून यंत्र काढलं आणि कानात घातलं. ते त्यांनी आपणहून कधी घातलेलं मी बघितलं नव्हतं. "चुकलं का काही?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. निवृत्त झाल्यापासून कुणी त्यांना काही सोडायला सांगितलं नव्हतं. पाणी नाही, गॅस नाही, साधा पंखा नाही. हुकूम आला म्हणून ते सकाळी लवकर उठले असतील, इस्त्री केली असेल, दहा वाजायची वाट बघत बसले असतील. मला ते सगळं दिसलं, कारण रजा टाकून मीही तेच केलं होतं.

मुलीनेही त्यांच्याकडे बघितलं. मग उठून तिने टाकीतली पातळी बघितली, नळ्यांना हात लावला.

"नाही आजोबा," ती मोठ्याने म्हणाली. "अगदी वेळेवर सोडलंत." मग माझ्याकडे वळली. "दोन-चार दिवस चालेल बाबा. काम झालं की हे सगळं काढायचं, धुवायचं, आणि तुझं घालायचं."

'तुझं' हा शब्द तिने मुद्दाम वापरला हे मला कळलं. तरी बरं वाटलं.

मग तिने कॉम्प्युटर सुरू केला. फिल्म शिजायला लागली. त्याला ते रेंडरिंग म्हणतात, कॉम्प्युटर एकेक चित्र पूर्ण करत जातो, आणि त्यात बघण्यासारखं काही नसतं, पण आम्ही सगळे बघत होतो. सांध्यांखाली तिने टिश्यू पेपरचे तुकडे ठेवले होते, गळती झाली तर लगेच दिसावी म्हणून. त्या तुकड्यांवर लक्ष ठेवायचं काम मी स्वतःकडे घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आवाज पडदा ओलांडून शंखाच्या तोंडाशी आला असताना, सल्लागार आले. हातात फ्रिजमधल्या पाण्याचा पेला होता, उकडतंय म्हणून घरून घेऊन आले होते. त्यांनी ते सगळं बघितलं. "नळाचं पाणी?" त्यांनी विचारलं. "आणि माझा कॅन गॅलरीत पडलाय." मग खाली वाकून म्हणाले, "अहो, इथे ओलं दिसतंय. कुठेतरी पाणी मुरतंय."

हा वाक्प्रचार मी अनेकदा ऐकलाय, पण त्या दिवशी तो ऐकून तोंडचं पाणी पळालं. पेटीच्या वरच्या कडेखालचा टिश्यू खरंच भिजला होता. मुलगी धावत आली. बटणाकडे तिचा हात गेला. बंद करावं तर फिल्म गेली, चालू ठेवावं आणि खरंच गळत असेल तर यंत्र गेलं. तिचा हात तिथेच थांबला.

"थांब," मी म्हणालो. तो टिश्यू मी सकाळपासून बघत होतो. सल्लागार येईपर्यंत तो कोरडा होता. मी पेटीच्या माथ्यावर बघितलं. तिथे पाण्याचा एक गोल उमटला होता, आणि त्या गोलाच्या मापाचा थंडगार पेला सल्लागारांच्या हातात होता.

"तुम्ही पेला इथे ठेवला होता?"

"क्षणभर," सल्लागार म्हणाले. "चष्मा काढायला."

मुलीने हात खाली घेतला. सल्लागार पेला घेऊन आल्या वाटेने गेले. जाताना म्हणाले, "तरी मी सांगत होतो." काय सांगत होते ते आम्ही विचारलं नाही. संध्याकाळच्या आत आवाज शंखात शिरला, गरगर फिरला आणि मेंदूपर्यंत पोचला. फिल्म वेळेत कंपनीत पोचली. काही दिवसांनी मुलीला तिथून नोकरीचं बोलावणं आलं, आणि घरात बऱ्याच दिवसांनी बायकोने भांडी न आपटता घासली.

बाटली त्यानंतर आली. कसलीही कागदपत्रं न मागता एक माणूस दारात देऊन गेला. वेष्टनावर मोठा जांभळा शिक्का होता: 'पेय'. मी तो शिक्का बराच वेळ बघत राहिलो. माझ्याच धंद्यातला होता, आणि चांगला सुबक मारलेला होता.

रविवारी सकाळी मुलीने सगळी यंत्रणा रिकामी केली, धुतली, पुसली. नवं कोरं नरसाळं आणलं होतं. बायकोनेही चहा घेऊन खुर्ची पुढे ओढली. मी बाटलीचं झाकण उघडलं.

"घाल बाबा," मुलगी म्हणाली.

एवढ्या खटाटोपानंतर तो क्षण माझा होता. मी नरसाळं हातात घेतलं. अण्णा खुर्चीत पेपर उघडून बसले होते. पेपर उलटा होता. शर्ट इस्त्रीचा होता. आणि यंत्र कानात होतं.

मी मुलीकडे बघितलं. मग बाटली आणि नरसाळं घेऊन खुर्चीपाशी गेलो.

"अण्णा," मी म्हणालो, "पाणी सोडा."

त्यांनी पेपराची घडी घातली. "किती वाजता?"

"दहाला."

अण्णा उठले, बाटली हातात घेतली, पेटीसमोर उभे राहिले आणि मनगट वर करून घड्याळ बघितलं.

"अजून वेळ झाली नाही," ते म्हणाले.

आम्ही सगळे थांबलो.